मंगळवारचा अंक

आज दिवसभर ग्रंथालयात होतो. विषय पुण्याचा इंग्रज प्लेग अधिकारी रँड याचा वध. २२ जून १८९७, गणेशखिंड, चाफेकर बंधू... सगळं पाठ! म्हणून कोश, चरित्रं वगैरे ओलांडून थेट प्राथमिक साधनाला हात घातला. त्याच तारखेचा 'केसरी' मागवला, तासभर डोळे फोडले. हल्ल्याची बातमी कुठेच नाही.

शेजारच्या टेबलावर पीएचडीचं काम करणाऱ्या ताई शेवटी हसल्या. "अहो, केसरी निघायचा मंगळवारी. बावीस तारीख मंगळवारच होती. आणि गोळ्या झाडल्या रात्री!"

हात्तिच्या! छापून झालेल्या अंकात मी रात्रीची बातमी शोधत होतो.

मग मुकाट्याने उलटा गेलो. आधी कोशातली नोंद, मग एक जाडजूड चरित्र. तिथे कळलं, त्याच रात्री गोळी लागलेला दुसरा इंग्रज अधिकारी आयर्स्ट जागीच गेला, पण रँड ३ जुलैला. म्हणजे माझी पाठ तारीखही अर्धीच.

संध्याकाळी पुन्हा 'केसरी'. या वेळी १५ जूनचा, ज्यातल्या मजकुरावरून टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला. अक्षरं बारीक, कडा पुसट. दुसरा स्तंभ अर्ध्यावर आला आणि शिपाईमामांनी पंखे बंद करायला सुरुवात केली. उद्या पुन्हा. डबा घेऊन.