तुम्ही विचारलंत म्हणून: पोरं उद्धट होत नाहीत का?

पालकसभेत हा प्रश्न हमखास येतो, परवा तर इथे नाशिकला गंगापूर रोडवर भाजी घेताना एका माजी विद्यार्थिनीच्या आईने थांबवून विचारलं, की मॅडम तुम्ही नववी-दहावीच्या पोरांना उपहासात्मक निबंध लिहायला शिकवता म्हणे, बोर्डात तर येत नाही, मग कशाला, आणि पोरं उद्धट नाही का होत?

बोर्डात येत नाही हे खरंय. प्रसंगलेखन, आत्मकथन, वैचारिक, बास. आणि उद्धट व्हायला माझी गरज नाही हो, पंधराव्या वर्षी टोमणा मारता येत नाही असं पोर मला अजून भेटायचंय. पण टोमण्याला अभ्यास लागत नाही. उपहासाला लागतो, कारण ज्याला चिमटा काढायचाय त्याच्याच थाटात, चेहरा सरळ ठेवून बोलायचं असतं, आणि त्यासाठी तो काय म्हणतो, का म्हणतो हे नीट माहिती पाहिजे. तिथेच निम्म्या वर्गाची दांडी उडते.

सुरुवात मी नाथांच्या भारुडापासून करते, 'सत्वर पाव गे मला, भवानी आई रोडगा वाहीन तुला'. निफाड-दिंडोरीकडच्या पोरांनी ते सप्ताहात ऐकलेलं असतं, त्यामुळे त्या दिवशी तीच वर्गात भाव खाऊन जातात. सून देवीला नवस बोलतेय, सासरा गावी गेलाय तर तिकडेच खपव, नणंदेचं पोर किरकिर करतं तर त्याला खरूज होऊ दे. खरजेला वर्ग फुटतो. मग मी विचारते, ही बाई जोक मारतेय का? नाही, ती शंभर टक्के सिरीयस आहे, तिच्या लेखी देवीशी सरळ सौदा चाललाय. कीर्तनकार त्याचा आध्यात्मिक अर्थ सांगतात तो आहेच, पण मला एवढंच दाखवायचं असतं की बोलणारा हसत नाही, म्हणून आपण हसतो.

मग स्विफ्ट. १७२९ साली आयर्लंडमध्ये माणसं भुकेने मरत होती तेव्हा जोनाथन स्विफ्टने एक प्रस्ताव छापला, की गरिबांनी आपली वर्षाची पोरं श्रीमंतांना खायला विकावीत, दोघांचाही फायदा. खर्चाचा, वजनाचा सगळा हिशोब मांडून. मराठीत सांगायला लागले की कुणीतरी विचारतंच, "मॅडम, हा माणूस सिरीयसली बोलतोय?" पण मला खरी गंमत वाटते ती शेवटाकडे. तिथे तो म्हणतो की मला बाकीचे उपाय सांगू नका, परगावी राहणाऱ्या जमीनदारांवर कर लावा, देशातलाच माल वापरा, वगैरे वगैरे. म्हणजे जे खरंच करायला पाहिजे ते सगळं त्याने उडवून लावलेल्या यादीत टाकलंय! मी पोरांना सांगते, तुमचं खरं मत तुमच्या पात्राने कचऱ्यात टाकलेल्या कागदावर सापडलं पाहिजे.

एका मुलीचा राग होता की खेळाचा तास दरवेळी गणिताला जातो. पहिल्या खर्ड्यात नुसता संताप, 'हे अत्यंत चुकीचे आहे' तीनदा. मी म्हटलं, तू शाळेकडून लिही. दुसऱ्या खेपेला ती अहवाल घेऊन आली, शाळेने स्वतःचंच अभिनंदन केलेला, त्यात एक वाक्य होतं, 'यंदा मैदानावर गुडघे फुटण्याचे प्रमाण शून्यावर आले आहे.' आणि खो-खोचे खांब सूत्रांचे तक्ते टांगायला वापरावेत अशी शिफारस. एकही वाईट शब्द नाही त्यात. आमच्या गणिताच्या सरांनी वाचला, हसले, आणि पुढचा खेळाचा तास तरीही घेतलाच, असो.

दुसरा किस्सा जरा अवघड. एका मुलाने त्यांच्या सोसायटीच्या वॉचमनकाकांच्या इंग्रजीवर लिहिलं, व्हिजिटरच्या रजिस्टरमधली स्पेलिंगं उतरवून. वर्ग खूप हसला, लिहिलंही चांगलं होतं, म्हणून तर अवघड. मी एवढंच विचारलं की रजिस्टर इंग्रजीतच भरायचं हे ठरवलं कुणी? कमिटीने. मग कमिटी कुठाय निबंधात? तो दोन दिवस माझ्यावर फुगला होता, मग त्याने कमिटीच्या मीटिंगचं इतिवृत्त लिहिलं, सगळे मराठी लोक मराठीत चर्चा करून ठरवतात की रजिस्टर इंग्रजीत पाहिजे कारण सोसायटीचा स्टँडर्ड. पहिल्यापेक्षा कितीतरी भारी. हसायचं कुणाला हे त्याचं त्याने बदललं, मी फक्त बोट दाखवलं.

बाकी नियम थोडेच. खऱ्या माणसाचं नाव नाही, कुणाच्या रंगारूपावर नाही, जातीवर नाही. खड्ड्यांवर लिहायला बंदी, द्वारका सर्कलच्या ट्रॅफिकवर पण, कारण त्यावर आख्ख्या नाशिकने सगळे विनोद करून झालेत. लेख फॅमिली ग्रुपवर टाकायचा नाही, तिथे कुणीतरी काका तो खरा समजून पुढे पाठवतातच. आणि चॅटजीपीटीकडून आणलेला लगेच कळतो, त्यात शेवटी 'चला, आपण सारे मिळून बदल घडवूया' असतं.

सध्या एकाचं काम चालू आहे तपोवनावर. सिंहस्थ कुंभमेळ्यात साधूंच्या मुक्कामासाठी उभारायच्या साधुग्रामसाठी तिथली झाडं तोडायच्या प्रस्तावावरून केवढी आंदोलनं झाली ते तुम्हाला माहितीच आहे. त्याने आधी 'मी तपोवनातलं झाड बोलतोय' आणलं, बोर्डाच्या साच्यातलं, झाड रडतंय. मी म्हटलं झाडाला रडवू नकोस, करवतीला बोलू दे. आता तो बातम्यांची कात्रणं घेऊन बसलाय, कारण करवतीची बाजू मांडायची तर झाडं तोडा म्हणणाऱ्यांचं म्हणणं आधी वाचावं लागतं, आणि दुसरीकडे झाडं लावू हे आश्वासन त्याने तिच्या तोंडी असं घातलंय, 'मी तोडत नाही हो, मी फक्त बदली करते.' पूर्ण लेख सोमवारी आणतो म्हणालाय. त्याचे सोमवार मला माहितीयत.