पेव्हर ब्लॉकमध्ये बाटल्यांचा चुरा घालताना

प्लॅस्टिक टाकलं की सिमेंटचा ब्लॉक मजबूत होतो, असं सर्रास सांगितलं जातं. होत नाही. वाळूच्या जागी प्लॅस्टिकचा चुरा गेला की ताकद घटतेच. किती घटू द्यायची, एवढंच आपल्या हातात. पाणी प्लॅस्टिकवरून ओघळून जातं, त्यामुळे सिमेंट नीट पकड घेत नाही. म्हणून स्लॅब, बीम, कॉलमला हा माल अजिबात नको. बागेतली पायवाट, सोसायटीतला फुटपाथ, म्हणजे आयएस 15658 या पेव्हर ब्लॉकच्या भारतीय मानकातला, रहदारी नसलेल्या जागेचा एम-30 (ताकदीची प्रत) ब्लॉक, इथपर्यंत ठीक. (डांबरी रस्त्याचं गणित वेगळं. मदुराईचे रसायनशास्त्राचे प्राध्यापक राजगोपालन वासुदेवन यांच्या पद्धतीत गरम खडीवर प्लॅस्टिक वितळून थर बसतो. इथे काहीच वितळत नाही.)

सगळ्यात जास्त घोळ मापात होतो. सिमेंटच्या 50 किलोच्या एका गोणीला 100 किलो कोरडी क्रश सँड (दगड दळून केलेली वाळू) धरली आणि तिचा 10 टक्के भाग बदलायचा ठरवला, तर 10 किलो वाळू काढून 10 किलो चुरा टाकायचा नाही. वाळूचं विशिष्ट गुरुत्व (पाण्याच्या किती पट जड) साधारण 2.65, पेटचं, म्हणजे पाण्याच्या-कोल्ड्रिंकच्या बाटल्यांच्या प्लॅस्टिकचं, 1.38. जागा तेवढीच भरायची. म्हणजे चुरा लागतो 5.2 किलो. सरळ 10 किलो टाकला तर प्रमाण 19 टक्क्यांवर जातं आणि क्यूब (चाचणीचा ठोकळा) प्रेसखाली लवकर फुटतो. घमेल्याला घमेलं हेही चालत नाही, कारण चुरा पोकळ बसतो आणि घमेल्यात हवाच जास्त येते. काटा वापरा.

चुरा 2 ते 4 मिमीचा हवा. मोठे चपटे तुकडे आडवे बसतात, त्यांच्याखाली पाणी साठतं आणि ब्लॉक तिथूनच सुटतो. भंगारातून आलेला माल पाण्याच्या टाकीत सोडा: पेट बुडतं, बुचं आणि त्यांच्या रिंगा तरंगतात, त्या वरून काढून घ्या. पीव्हीसी (पाइपांचं प्लॅस्टिक) हेही बुडतं, म्हणून ते दळण्याआधीच हाताने वेगळं करावं लागतं. धुणं मन लावून करा. कोल्ड्रिंकची साखर राहिली तर सिमेंट वेळेवर सेट होत नाही, दुसऱ्या दिवशी साचा सोडवताना कोपरे हातात येतात. वेफर्सची पाकिटं तर नकोच. पातळ फिल्मचे मिक्सरमध्ये गोळे होतात, आणि आतला अॅल्युमिनियमचा थर सिमेंटच्या अल्कलीत (क्षारात) हायड्रोजन वायू सोडतो, ब्लॉकला बुडबुडे येतात.

मिक्सरमध्ये आधी खडी, वाळू आणि चुरा कोरडे फिरवा, मग थोडं पाणी, मग सिमेंट, शेवटी उरलेलं पाणी. माल रखरखीत दिसला की कामगाराचा हात पाण्याच्या पाइपकडे जातो. तो तिथेच थांबवा. सुपरप्लास्टिसायझर, म्हणजे पाणी न वाढवता माल सैल करणारं रसायन, त्यासाठीच असतं.

रबरी साच्यात ब्लॉक उलटा भरतात, म्हणजे दिसणारी बाजू खाली. याचा फायदा घ्या. आधी प्लॅस्टिक नसलेल्या रंगीत मालाचा 8 ते 10 मिमीचा थर, आणि तो ओला असतानाच मागचा चुऱ्याचा माल. मग पायांच्या घासण्याने प्लॅस्टिकचे कण गटारात जात नाहीत. साचा ज्यावर ठेवून माल बसवतात ते थरथरणारं टेबल मात्र बेताने हलवा. जास्त वेळ चालवलं तर हलका चुरा वर, म्हणजे ब्लॉकच्या पाठीकडे, गोळा होतो आणि पाठ भुसभुशीत राहते. एक ब्लॉक मधोमध फोडून बघा, लगेच कळतं.

पेट कायम अल्कलीत राहिलं की हळूहळू त्याचं जलविघटन होतं, म्हणजे पाण्याशी क्रिया होऊन ते तुटत जातं. पॉलीप्रॉपिलीन (दुसरं एक प्लॅस्टिक) त्या बाबतीत टिकाऊ, पण ते इतकं हलकं की तरंगण्याचा त्रास वाढतो. मला तरी 10 टक्क्यांपर्यंत पेटच सोयीचं वाटतं.

सात दिवस ओलं ठेवा, 28 दिवसांनी दाब तपासा. पाणीशोषणही बघा, सरासरी 6 टक्क्यांच्या वर गेली तर लॉट गिऱ्हाइकाला देऊ नका. फुटलेले ब्लॉक वेगळे साठवा. ते साध्या काँक्रीटच्या राड्यारोड्यात गेले, तर तो राडा पुन्हा खडी म्हणून दळताना प्लॅस्टिक सगळीकडे पसरतं.