आठाची पहाट

23 नोव्हेंबर 2019 हा शनिवार होता, म्हणून मी पुण्याहून साताऱ्याला घरी आले होते. उठून बाहेर आले तर बाबा खुर्चीत सरळ ताठ बसलेले. हातात पेपर. पेपरात पहिल्या पानावर मुख्यमंत्रिपदासाठी उद्धव ठाकरेंच्या नावावर शिवसेना, राष्ट्रवादी आणि काँग्रेस या तिन्ही पक्षांचं एकमत झाल्याची बातमी. समोर टीव्हीवर देवेंद्र फडणवीस शपथ घेतायत आणि बाजूला अजित पवार. बाबा एकदा पेपराकडे बघत, एकदा टीव्हीकडे. चाळीस वर्षं पेपरावर विश्वास ठेवलेला माणूस तो. शेवटी म्हणाले, "जुनं काहीतरी दाखवतायत."

जुनं नव्हतं. पुढे त्याला 'पहाटेचा शपथविधी' हे नाव पडलं आणि कायमचं चिकटलं. त्या नावावर आमच्या आईचा आक्षेप अजून कायम आहे. "आठाला पहाट म्हणतात? आठापर्यंत माझं पाणी भरून, सडा घालून, दुसरा चहा होतो." बाबांनी समजावून सांगितलं की राष्ट्रपती राजवट उठवल्याची वेळ 5 वाजून 47 मिनिटं आहे, म्हणजे तशी पहाटच. आई म्हणाली, "कागद उठले असतील पहाटे. माणसं आठालाच आली ना?" यावर बाबांकडे उत्तर नव्हतं. ते सरकार जेमतेम ऐंशी तास टिकलं, आईचा मुद्दा सहावं वर्ष ओलांडून गेला.

आमच्या घरात टीव्ही एक, रिमोट एक आणि पक्ष दोन. संध्याकाळी सात ते साडेनऊ आईचे. मालिकेत जाहिराती लागल्या की रिमोट बाबांकडे. बाबा घाईघाईनं बातम्या लावतात, तर तिथेही जाहिरातीच चालू असतात, बहुतेक त्याच. त्या संपून निवेदक 'मोठी बातमी' म्हणतो न म्हणतो तोच आई म्हणते, "अहो, लागलं असेल." की परत सून, सासू, जिना. अशा तऱ्हेनं महाराष्ट्राचं राजकारण आईनं मालिकांच्या फटींतून, दीड-दोन मिनिटांच्या तुकड्यांत पाहिलं. बाबा मात्र साडेनऊनंतर ते सगळं सलग बघतात, सकाळी पेपरात पुन्हा वाचतात, आणि दुपारी कट्ट्यावर जाऊन तिसऱ्यांदा ऐकतात. तरी कळण्यात आई दोन दिवस पुढे असते. हे बाबांना मान्य नाही. मला करावं लागलंय.

याचं कारण मी पुष्कळ दिवस शोधत होते आणि मग एकदा बातम्या ऐकताना लक्षात आलं की शब्दच सगळे आईचे आहेत. अमुक नेते नाराज. तमुकांची समजूत काढली. घर फोडलं. वेगळी चूल मांडली. संसार मोडला, काडीमोड झाला, घरवापसी झाली. युतीत थोरला भाऊ कोण आणि धाकटा कोण, यावर तर आमच्या राज्यात कित्येक वर्षं काथ्याकूट झालाय. काका-पुतण्या तर आहेतच. हे सगळं बोलतंय कोण, तर राज्यशास्त्रातले पदवीधर. आई दहिवडीच्या एकत्र कुटुंबातून आलेली, चौघा चुलत्यांच्या वाटण्या डोळ्यांनी पाहिलेली बाई. तिला यात नवीन ते काय! उलट मालिकांमध्ये काय चालू असतं? कट, डाव, फितुरी, सत्ता, तिजोरीच्या किल्ल्या. राजकारणाचे शब्द स्वयंपाकघरात गेलेत आणि स्वयंपाकघराचे मंत्रालयात. अदलाबदल नक्की कधी झाली कोण जाणे.

धनुष्यबाण कोणाचा, हा वाद निवडणूक आयोगापुढे होता तेव्हा बाबा रोज आमदारांची आणि खासदारांची बेरीज मांडायचे. आईनं एकच प्रश्न विचारला. "देव कोणाकडे राहणार?"

मला कळेना. मग तिनं सांगितलं. तिच्या माहेरी वाटणी झाली तेव्हा जमिनीवरून भांडण झालं नाही, विहिरीच्या पाळ्याही ठरल्या. अडलं ते देवघरातल्या टाकांवर. खंडोबाचे आणि जोतिबाचे टाक थोरल्याकडे राहतात ही रीत. पण आजारपणात आजीला सांभाळलं होतं तिसऱ्यानं. तो म्हणाला, मी केलं, देव माझे. सहा महिने बोलणं बंद. अखेर थोरल्याकडे देव राहिले आणि तिसऱ्यानं जेजुरीला जाऊन नवे टाक आणले. "नवे असले म्हणून काय झालं," आई म्हणाली, "पुजले की देवच. पण पहिली दहा वर्षं ते परक्यासारखे दिसायचे देव्हाऱ्यात."

17 फेब्रुवारी 2023 ला आयोगानं शिवसेना हे नाव आणि धनुष्यबाण एकनाथ शिंदेंना दिलं. पुढच्या वर्षी घड्याळही अजित पवारांकडे गेलं. ठाकरेंकडे मशाल, शरद पवारांकडे तुतारी वाजवणारा माणूस. कायद्याची बाजू मला आजही नीट सांगता येणार नाही, बाबांनी ती मला किमान पाच वेळा सांगितली असली तरी. पण परक्यासारख्या दिसणाऱ्या नव्या टाकांची गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही.

आईला राजकारण कळतं म्हणजे ती निकाल ओळखते असं नव्हे. तिचे अंदाज पुष्कळदा साफ चुकतात. ऑक्टोबर 2019 मध्ये साताऱ्याच्या सभेत शरद पवार भर पावसात भिजत बोलले. बाबा तिथे होते. भिजून, चपला हातात घेऊन, विशीतल्या पोरासारखे चमकत घरी आले. आई म्हणाली, आता हे म्हातारे आजारी पडणार. दोघांबद्दल म्हणाली. मालिकेत भिजलेल्या माणसाला पुढच्या भागात ताप येतोच, हा नियम आहे. इथे भिजलेले ठणठणीत राहिले आणि लोकसभेच्या पोटनिवडणुकीत समोरचे उदयनराजे पडले. "उलटंच झालं की," आई म्हणाली. मग उदयनराजे पुढच्याच वर्षी राज्यसभेत गेले आणि 2024 ला साताऱ्यातून निवडूनही आले, तेव्हा ती निवांत झाली. हे तिच्या नियमात बसतं. कड्यावरून पडलेला माणूस वर्षभरानं, थोडी दाढी वाढवून, परत येतो.

योगायोग असा की 'आई कुठे काय करते' ही मालिकाही नेमकी डिसेंबर 2019 मध्ये सुरू झाली, म्हणजे त्या आठाच्या पहाटेनंतर महिन्याभरानं. आणि संपली नोव्हेंबर 2024 च्या शेवटी, विधानसभेचा निकाल लागून आठवडा होतो न होतो तोवर. अख्खी पंचवार्षिक. या काळात तिकडे अनिरुद्धनं बायको सोडून संजनाला घरात आणलं, अरुंधतीनं दुसरं लग्न केलं, आणि इकडे राज्यानं किती लग्नं पाहिली ते मोजायला बाबांना दोन्ही हातांची बोटं लागतात. शेवटच्या वर्षी मालिकेला संध्याकाळच्या वेळेवरून उचलून दुपारी अडीचला टाकलं. बाबा खूश. म्हणाले, "गेली मार्गदर्शक मंडळात." विनोद बरा होता, पण पाच वर्षांत तेवढा एकच.

बाबांची खरी तक्रार आवाजाची आहे. त्यांच्या लेखी बातम्या म्हणजे मुंबई दूरदर्शनच्या संध्याकाळी सातच्या बातम्या, आणि बातम्या देणारा माणूस म्हणजे प्रदीप भिडे. बातमी आनंदाची असो वा रेल्वे अपघाताची, भिड्यांचा चेहरा तुम्हाला काय वाटावं हे सांगत नसे. ते तुमच्यावर सोडलेलं असे. भिडे गेले जून 2022 मध्ये. त्याच महिन्यात शिवसेनेचे आमदार सुरतेला आणि तिथून गुवाहाटीला गेले, आणि प्रत्येक चॅनेलवर माणसं इतकी ओरडत होती की बाबा म्हणाले, बरं झालं ते गेले. चर्चेच्या कार्यक्रमात पडद्यावर आठ चौकोन असतात आणि आठही जण एकदम बोलतात. आई तो प्रकार आवडीनं बघते. सदाशिव पेठेत, मंगळवार पेठेत पूर्वी खिडक्यांतून भांडणं व्हायची, तशी ती आहेत म्हणते. फक्त मधे पडणारी म्हातारी नाही. मध्यंतरी वृत्तवाहिन्यांच्या टीआरपीचे आकडे दीडेक वर्ष जाहीर होत नव्हते. 2020 च्या ऑक्टोबरपासून 2022 च्या मार्चपर्यंत. बाबांना भाबडी आशा होती की मार्क देणारं कोणी नसलं की पोरं शांत बसतील. मास्तर होते ना ते.

गुवाहाटीच्या त्या सगळ्या गोंगाटात आईला एकच माणूस मनापासून आवडला. सांगोल्याचे शहाजीबापू पाटील. "काय झाडी, काय डोंगार, काय हाटील" हे त्यांचं फोनवरचं बोलणं राज्यभर गाजलं, लोकांनी त्याची गाणी केली, टी-शर्ट काढले. लोक हसत होते. आई हसली नाही, हरखली. सांगोला काय आणि दहिवडी काय, माणदेशच. तिच्या माहेरची बोली इतक्या वर्षांनी टीव्हीवर आली ती कुठल्या मालिकेतून नव्हे, फुटलेल्या आमदाराच्या फोनमधून. मालिकांतलं गाव तिला सोसत नाही. तिथे शेतातून आलेल्या बाईच्या पायाला माती नसते, आणि मुंबईची मुलं वाक्याच्या शेवटी 'जी' लावलं की झालं गावाकडचं असं समजतात. "हा बघ खरा बोलला," ती म्हणाली. मी म्हटलं, अगं, पण तो पक्ष सोडून गेलाय. तर म्हणाली, "ते वेगळं. दुष्काळी भागातला माणूस झाडी बघून असंच बोलतो."

मी पुण्यात राहते आणि या दोघांपेक्षा आपल्याला जास्त कळतं असं पुष्कळ दिवस समजत होते. प्रत्यक्षात मी बातम्या बघतच नाही. बातमीवर केलेला विनोद आधी बघते आणि मग मूळ बातमी काय होती ते शोधते, तेही सापडली तर. फुटलेल्या आमदारांवरचे 'पन्नास खोके' मला घोषणेआधी टीशर्टवर भेटले. त्यामुळे माझं मत तयार होतं तेव्हा ते दुसऱ्या कुणाचं तरी वापरून झालेलं असतं.

आईचं मत निदान तिचं असतं. 2024 मध्ये लाडकी बहीण योजना आली तेव्हा गल्लीतल्या बायका झेरॉक्सच्या दुकानासमोर रांगा लावून होत्या. महिना दीड हजार रुपये, वय एकवीस ते पासष्ट. आई तेव्हा सहासष्टची. तिनं पत्रक शेवटपर्यंत वाचलं, घडी घालून डब्याखाली सारलं आणि म्हणाली, "पासष्टीनंतर बहिणीची नणंद होते वाटतं." पण शेजारच्या घरकाम करणाऱ्या बाईचा फॉर्म तिनंच भरून दिला, आणि पहिले पैसे आले त्या दिवशी त्या बाईनं आणलेला पेढाही मिटक्या मारत खाल्ला. बाबा तिजोरीवरच्या बोजाबद्दल बोलायला लागले तर म्हणाली, "अहो, तुमची पेन्शन कुठल्या तिजोरीतनं येते?"

तिला टोचतं ते वेगळंच. मालिकेत पंचवीस माणसांचं कुटुंब असतं, पण सिलिंडर कधी संपत नाही. बायका पैठणीत भाजी चिरतात. कणीक मळलेला हात पाच वर्षांत एकदा दिसला, तोही संवादासाठी. बातम्यांचं तेच. कास तलावातून शहराला येणारं पाणी दोन दिवस आलं नाही याला खालच्या पट्टीत एक ओळ, ती वाचायच्या आत पळून गेलेली. वर कोण कुणाला भेटला, बंद दाराआड काय खलबतं झाली. "बंद दाराआड चहा कोणी दिला ते एकदा तरी सांगा म्हणावं."

2024 चा निकाल लागला तेव्हा मी सुट्टी काढून घरीच होते. बहुमत घसघशीत, तरी मुख्यमंत्री ठरेना. मग एकनाथ शिंदे एकदम आमच्याच जिल्ह्यात, महाबळेश्वरच्या पलीकडच्या दरे गावी येऊन राहिले. ताप आहे असं सांगितलं जात होतं. चॅनेलच्या गाड्या कोयनेच्या काठावर. बाबांनी तीनही शक्यता कागदावर मांडल्या. आईनं शेंगा सोलता सोलता पाहिलं आणि म्हणाली, "रुसून गावी आलाय. न्यायला येतील." त्याच शनिवारी तिची मालिका संपली. शेवटच्या भागाला ती रडली नाही, पण टीव्ही बंद करून बराच वेळ रिमोट हातात धरून बसली.

5 डिसेंबरला आझाद मैदानावर शपथविधी झाला. संध्याकाळी साडेपाचला. आईनं घड्याळाकडे पाहून मान डोलावली. वेळ तिला पटली. फडणवीस, शिंदे, अजित पवार तिघंही एका व्यासपीठावर. बाबा खात्यांचं वाटप कसं होईल ते मला सांगत होते, गृह कोणाकडे, अर्थ कोणाकडे.

"तिघं एका घरात राहणार," आई म्हणाली. "चहा कोण टाकणार तेवढं बघा."

बाबांनी ते आपल्याला लावून घेतलं असावं. कारण ते उठले, आत गेले, गॅस पेटवल्याचा आवाज आला. भांडं आपटलं. थोडा वेळ डब्यांची झाकणं उघडत-मिटत राहिली. मग हाक आली.

"अगं, साखर कुठाय?"

आई टीव्हीकडे बघत राहिली. दुसरी हाक आली, जरा मोठ्यानं. मी उठायला लागले तर तिनं माझ्या मनगटाला धरून खाली बसवलं.

"नॉट रिचेबल," ती हळूच म्हणाली.