फेरीच्या पिशवीसाठी अ‍ॅप

दर शुक्रवारी रात्री परळ ते दादर या पट्ट्यात फुटपाथवर आणि उड्डाणपुलाखाली राहणाऱ्यांसाठी आमच्या ओळखीतले दोन डॉक्टर आणि काही स्वयंसेवक फिरता दवाखाना चालवतात. पुढच्या फेरीसाठी लागणाऱ्या औषधांची मागणी व्हॉट्सअ‍ॅपवर होत असे. ‘दहा पॅरासिटामॉल’ म्हणजे दहा गोळ्या, दहा स्ट्रिप की दहा खोकी, हे विचारण्यात आपला सगळा शनिवार जातो, अशी तक्रार स्टोअर सांभाळणाऱ्या ताईंनी केली, तेव्हा मागणीचे छोटे अ‍ॅप करून देण्याचे मी कबूल केले.

पहिला आराखडा ऑफिसच्या सवयीने झाला: वर्णानुक्रमे यादी आणि तिच्यावर शोधण्याची चौकट. तो घेऊन मी एका फेरीला गेले आणि पहिल्या पंधरा मिनिटांतच तो निकालात निघाला, कारण एका हातात बॅटरी आणि दुसऱ्या हातात मलमाने माखलेला हातमोजा असताना ‘पोव्हिडोन आयोडीन’ कोणी टाइप करणार नाही. स्वयंसेवकांना औषधांची नावे नव्हे, पिशवीतले कप्पे पाठ असतात. म्हणून आता स्क्रीनवर तेच कप्पे त्याच क्रमाने दिसतात. गॉझ आणि रोलर बँडेज पहिल्या कप्प्यात, गोळ्या दुसऱ्यात. आकडा लिहायचा नाही, फक्त अधिकचे बटण दाबायचे, आणि प्रत्येक वस्तूचे एकक स्टोअरमधून ती जशी बाहेर पडते तसेच ठरलेले असते. पुलाखाली नेटवर्क जाते, त्यामुळे मागणी आधी फोनमध्येच साठते.

ओआरएसने मात्र मला बरेच शिकवले. बाजारात एक लिटर पाण्याचे मोठे पाकीट मिळते आणि २०० मिलिलिटरचे छोटेही मिळते. मी दोन्ही एकाच नावाखाली टाकली होती. डॉक्टरांनी ते तिथल्या तिथे काढायला लावले, कारण मोठे पाकीट पेलाभर पाण्यात घातले तर द्रावण धोकादायक इतके खारट होते आणि छोटे लिटरभर पाण्यात घातले तर त्याचा उपयोग होत नाही. फुटपाथवर मापाचा पेला क्वचितच असतो, पण स्टेशनवर टाकून दिलेली एक लिटरची बाटली धुऊन वापरायला ठेवलेली बहुतेकांच्या उशाशी असते. त्यामुळे यादीत मोठेच पाकीट राहिले आणि त्याच्या शेजारी बाटलीचे चित्र आले.

खरजेचे औषध त्याहून अवघड निघाले. परमेथ्रिनचे ५ टक्क्यांचे क्रीम मानेपासून तळपायापर्यंत लावून आठ ते चौदा तास ठेवावे लागते, साधारण आठवड्याने ते पुन्हा लावावे लागते आणि ज्यांच्या अंगाला अंग लागते त्या सगळ्यांना एकाच वेळी लावले नाही तर खरूज फिरून येते. एका माणसासाठी एक ट्यूब मागवणे म्हणजे ती जवळपास वाया घालवणे. आता परमेथ्रिन निवडले की अ‍ॅप ‘शेजारी किती जण झोपतात?’ असे विचारते, तितक्या ट्यूब मागवते आणि तितक्याच पुढच्या आठवड्याच्या मागणीत त्याच ठिकाणासाठी आपोआप घालते. सगळ्या अ‍ॅपमध्ये मला मनापासून आवडलेला प्रश्न हाच आहे.

ठिकाण नोंदवले जाते, रुग्णाचे नाव नाही. ज्या तयार सॉफ्टवेअरवरून मी सुरुवात केली त्यात ‘पत्ता’ हा रकाना सक्तीचा होता. २०११ च्या जनगणनेत एकट्या महाराष्ट्रात दोन लाखांहून अधिक माणसे बेघर म्हणून मोजली गेली, तेव्हा या रकान्यात काय भरायचे हे ते सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांनाच विचारायला हवे. नावाचा आग्रह धरला की पोलीस किंवा पालिकेची गाडी मागोमाग येईल या भीतीने काही जण मलमपट्टी अर्धवट टाकून उठतात, असे जुन्या स्वयंसेवकांनी सांगितले, आणि औषध मागवायला नाव लागतही नाही. अँटिबायोटिक्सची मागणी मात्र डॉक्टरांनी मान्य केल्याशिवाय स्टोअरकडे जात नाही.

शेवटी ‘यादीत नसलेले’ अशी एक रिकामी जागा ठेवली. खरे तर मी ती काढून टाकणार होते. पहिल्याच फेरीनंतर तिच्यात बँडेज पावसात कोरडे ठेवायला प्लॅस्टिकच्या पिशव्या आल्या, वाचायचा चष्मा आला आणि पायाला जखमा असलेल्यांसाठी सहा जोड चपला आल्या. चपलांचे माप कोणीच लिहिले नव्हते, म्हणून शनिवारी ताईंचा पुन्हा फोन आला.