भोकं आहेत, पण वाट नाही

"साहेब, खाली तेलाचं तळं केवढं असंल हो?"

मुंबई हाय या समुद्रातल्या तेलक्षेत्रात, विहीर खोदणाऱ्या एका रिगवर, १९९६ च्या एका रात्रपाळीत, जत तालुक्यातल्या एका पोराने मला हे विचारलं होतं. मी तिथे विहिरीवरचा भूवैज्ञानिक होतो. चौदा दिवस समुद्रावर, चौदा दिवस घरी. तो पोरगा डेकवर पाईप हलवणं, धुणं-पुसणं, पडेल ते काम करायचा. मी तेव्हा शेकरच्या, म्हणजे चुरा गाळणाऱ्या हलत्या चाळणीच्या, जाळीवरून आणलेला दगडाचा चुरा चाळणीत धूत होतो. खाली बिट, म्हणजे खोदायच्या पाईपाचं दातेरी टोक, दगड फोडत जातो आणि फुटलेला चुरा मडबरोबर, म्हणजे विहिरीत फिरवलेल्या चिखलासारख्या द्रवाबरोबर, वर येतो. दोन किलोमीटर खोलीवरून वर यायला त्याला तासभरही लागतो. त्यामुळे हातात आलेला चुरा नेमका किती खोलीवरचा, हे दर वेळी हिशेब करून लिहावं लागतं.

मी त्यातली चिमूट त्याच्या तळहातावर ठेवली आणि म्हटलं, "हे बघ तळं."

त्याला ते पटेना. मग चुरा अतिनील दिव्याच्या पेटीत ठेवला आणि त्याला आत डोकावायला सांगितलं. चुनखडीचे करडे कण आत पिवळसर उजळले होते. तेल असलं की दगड असा उजळतो. तो बराच वेळ डोळा लावून उभा राहिला. त्याच्या दुसऱ्या हातात चहाचा कप होता, म्हणून मी विचारलं, "टोस्ट चहात बुडवल्यावर चहा कुठं जातो?" तो लगेच म्हणाला, "म्हंजे दगडाच्या पोटात मुरलंय होय!"

मुरलंय. तेल दगडात असतं म्हणजे कसं असतं, हे याहून नेमकं सांगणारा शब्द मला आजवर मिळालेला नाही.

तळं हा त्याचा गैरसमज त्याच्या डोक्यातून आलेला नव्हता, तो आम्हीच वापरलेल्या शब्दांतून आला होता. इंग्रजीत त्या दगडाला रिझर्व्हॉयर म्हणतात, तोच शब्द धरणाच्या जलाशयालाही आहे. मराठी वर्तमानपत्रं 'तेलसाठा' लिहितात आणि वाचणाऱ्याला टाकी दिसते. वर आम्ही म्हणतो 'विहीर', म्हणजे खाली वाकून पाहिलं की तेल दिसणार. प्रत्यक्षात ते भोक असतं वीतभर रुंदीचं आणि तेल असतं वाळूच्या किंवा चुनखडीच्या कणाकणांमधल्या फटींत. चांगल्या दगडात शंभरातले वीस भाग फटी असतात, तेवढ्यावर आमची सगळी मदार. आणि त्या फटींतलं सगळं तेल वर येतही नाही. बहुतेक ठिकाणी निम्म्याहून जास्त तेल दगडाला चिकटून खालीच राहतं. म्हणून आमच्याकडे 'जागेवर असलेलं तेल' आणि 'काढता येण्याजोगं तेल' असे दोन वेगळे आकडे असतात. बातमीत दोन्हींना 'साठा' म्हटलं की पहिला आकडा दुसऱ्याच्या जागी जातो आणि देश रातोरात श्रीमंत होतो. हे वाचलं की माझा जीव तुटतो, कारण फरक समजायला अवघड नाही. तो सांगितलाच जात नाही.

माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, माण तालुक्यात विहिरी खोदायचे. आठ-दहा माणसांची टोळी, पहार, टिकाव, घमेली, सुरुंगाची दारू आणि दगड वर ओढायला यारी. मी भूशास्त्र शिकायला पुण्याला गेलो तेव्हा पहिल्या वर्षी सच्छिद्रता आणि पार्यता हे दोन शब्द समोर आले आणि मी ते पाठ केले. दगडात मोकळी जागा किती, ती सच्छिद्रता. त्या जागेतून पाणी किंवा तेल किती सहज पुढे सरकतं, ती पार्यता. परीक्षेत लिहिलं, गुण मिळाले. सुट्टीत घरी आल्यावर मी दादांना मोठ्या उत्साहाने सांगायला लागलो, की दगडात छिद्रं असली म्हणजे पाणी मिळतंच असं नाही.

दादा म्हणाले, "मांजऱ्यागत."

आमच्याकडचा मांजऱ्या ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. लाव्हाचा थर निवताना त्याच्या वरच्या भागात वायूचे बुडबुडे अडकतात आणि दगड भोकाभोकांचा होतो. पुढे लाखो वर्षं त्या भोकांत गरम पाण्यातली खनिजं साचत जातात, पांढरी, गुलाबी, कधी हिरवट. झिओलाइट म्हणतात ती हीच. पुण्याजवळ वाघोलीच्या खाणीत निळ्याशार कॅव्हनसाइटचे स्फटिक मिळाले ते अशाच पोकळ्यांत. दगड पाहून कुणालाही वाटावं, इतकी भोकं म्हणजे पाणी असणारच. पण भोकं एकतर बुजलेली, नाहीतर एकमेकांपासून तुटलेली. कुजलेला, चिरा गेलेला मांजऱ्या पाणी देतो, गच्च मांजऱ्या देत नाही. दादांनी ते पाच शब्दांत सांगितलं होतं: "भोकं हायती, पण वाट न्हाय."

माझ्या दोन्ही व्याख्या त्यात आल्या होत्या. पहिली भोकांत, दुसरी वाटेत.

म्हणून शासनाच्या परिभाषा कोशातला 'पार्यता' मला वाईट शब्द वाटत नाही. त्यात 'पार' आहे. पार जाता येतं ते पार्य, येत नाही ते अपार्य. मुलांपुढे हा शब्द ठेवताना त्यातला 'पार' उघडून दाखवला की तो त्यांचा होतो. आम्हाला तो कुणी उघडून दाखवला नाही, हेच दुखतं.

पार्यता मोजायचं एकक डार्सी. हेन्री डार्सी हा फ्रान्समधल्या दिजाँ शहराचा अभियंता. शहराला लांबच्या झऱ्याचं पाणी नळाने आणून देणारा माणूस. पाणी गाळायच्या वाळूतून ते किती वेगाने उतरतं हे त्याला कळायला हवं होतं. म्हणून त्याने उभ्या लोखंडी नळकांड्यात वाळू भरून वरून पाणी सोडलं आणि मोजमापं घेतली. १८५६ मध्ये त्याने ती छापली. वरच्या आणि खालच्या पाण्याच्या दाबातला फरक वाढला की प्रवाह त्याच प्रमाणात वाढतो, वाळूचा थर लांबला की त्याच प्रमाणात घटतो. एवढंच. आज जगातली प्रत्येक तेलविहीर याच नियमावर चालते, आणि तो सापडला गावाला पाणी पाजण्याच्या कामात. दादांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं होतं, "मग गावाला पाणी पुरलं का?" पुरलं, म्हटल्यावर त्यांचं समाधान झालं.

आमच्या घरात या दोन शब्दांची किंमत २००३ च्या दुष्काळात मोजली गेली. दादा तेव्हा अंथरुणाला खिळलेले, मी समुद्रावर. थोरल्या भावाकडे बोअरचा एक एजंट आला आणि म्हणाला, सहाशे फुटांवर पाण्याचा मोठा साठा आहे. पुन्हा तोच शब्द. भावाने पतपेढीचं कर्ज काढलं. पहिल्या बोअरला फुफाटा उडाला. एजंटने चाळीस पावलं सरकून दुसरं घ्यायला लावलं, त्यालाही फुफाटा. शंभर फुटांच्या खाली गच्च काळा पाषाण होता आणि भाऊ त्यात खाली खाली तळं शोधत गेला. कर्ज फिटायला सात वर्षं लागली. मी सुट्टीवर आलो तेव्हा गोठ्यामागे त्या चुऱ्याचे करडे ढीग होते. मी सवयीने चिमूट उचलून पाहिली. एकाही कणाला पाण्याचा डाग नव्हता, गंज नव्हता. हे त्या दिवशी, दीडशे फुटांवरच, कुणीतरी भावाला सांगायला हवं होतं.

तेव्हापासून मी एक वही ठेवली आहे. आमच्या शास्त्रातली कल्पना एका बाजूला आणि ती गावात कुठल्या शब्दाने बोलली जाते, ते दुसऱ्या बाजूला. केसिंगला, म्हणजे भोक ढासळू नये म्हणून आत बसवलेल्या पाईपाला, मराठी शब्द शोधायचा नाही, हे मी पहिल्याच पानावर लिहिलं. शेतकरी 'चाळीस फूट केसिंग टाकलं' असं सर्रास बोलतात, म्हणजे तो मराठी झालेला शब्द आहे. विहिरीच्या तळातून बाजूला मारलेल्या भोकाला ते 'आडवं बोअर' म्हणतात. समुद्रात आम्ही तेच करतो, फक्त खूप खोल, आणि त्याचं बोजड भाषांतर कोशात शोधत बसतो.

विहिरीत काही तुटून पडलं, पाईप, बिटाचा तुकडा, की ते बाहेर काढायच्या कामाला तेलवाले 'फिशिंग' म्हणतात आणि पडलेल्या वस्तूला 'फिश'. नवीन पोरांना हे फार परकं वाटायचं. मी त्यांना विचारायचो, तुमच्या आईची घागर आडात पडली तर काय टाकता? गळ. मासा धरायचा तोही गळच. हजारो मैलांवरच्या माणसांना जे सुचलं तेच आपल्या आडावर आधीपासून होतं.

सगळ्यात जवळचे शब्द स्वयंपाकघरातले. तेल तयार होतं ते बारीक गाळाच्या काळपट शेलमध्ये, त्यात अडकलेल्या सूक्ष्म जीवांच्या आणि वनस्पतींच्या अवशेषांपासून. मुंबई हायच्या तेलाचा मूळ दगड म्हणजे पन्ना नावाचा थर. हा गाळ पुरेसा खोल गाडला गेला आणि साधारण साठ ते सव्वाशे अंशांच्या दरम्यान तापत राहिला की त्यातून तेल सुटतं. त्याहून कमी तापला तर कच्चा, जास्त तापला तर तेल मोडून गॅस होतो. तेलशास्त्रात अशा खोल तापलेल्या भागाला खरोखरच 'किचन' म्हणतात. वहीत मी लिहिलंय: कच्चा, शिजलेला, करपलेला. आणि शिजवणारी चूल म्हणजे पृथ्वीच्या पोटातली ऊब, दर किलोमीटरला साधारण पंचवीस-तीस अंशांनी वाढणारी. शिजलेलं तेल हलकं, म्हणून ते पाणी भरलेल्या दगडांतून वर सरकत राहतं. वाटेत अपार्य दगडाचं झाकण लागलं आणि त्या झाकणाचा आकार पालथ्या परातीसारखा असला, तरच ते अडकतं. एवढं सांगितलं की आमच्या वहिनींनाही तेलाचं भूशास्त्र कळलं. त्यांनी विचारलेला प्रश्न मोठमोठ्या बैठकांत विचारतात तोच होता: "परातीला चीर असंल तर?" तर तेल निसटून जातं आणि कोट्यवधी रुपये खर्चून खोदलेली विहीर कोरडी निघते.

आता चुऱ्याचं. सूक्ष्मदर्शकाखाली बघून अहवाल इंग्रजीत लिहायचा, ठरलेल्या साच्यात. पण बघताना माझ्या मनात मराठीच चालायची. भुसभुशीत. रवाळ. पिठूळ. चिवट. ठिसूळ. शाडूसारखा. पोयट्यासारखा. शेल आहे की त्यात बारीक वाळू आहे हे ठरवायची जुनी पद्धत म्हणजे चिमूट दातांत धरायची. लोण्यासारखी गेली तर चिकणमाती, कचकचली तर वाळूचा अंश. कचकच. तांदळात खडा लागल्यावर आपण हाच शब्द वापरतो आणि तो ज्याच्या दाताला माहीत आहे त्याला हा दगड आपोआप ओळखता येतो. चुनखडीवर पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला की ती फसफसते. तिच्यासारखाच दिसणारा डोलोमाइट नुसता कुरकुरतो, तोही जरा वेळाने. कधी कणांत नाण्यासारखी चपटी गोल कवचं दिसायची, कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या उथळ समुद्रातल्या जीवांची. नम्युलाइट. लॅटिनमध्ये त्या नावाचा अर्थच छोटं नाणं. ती पहिल्यांदा दिसली तेव्हा मी शेजारच्या माणसाला उठवून दाखवली होती.

एक शब्द मात्र अनेक वर्षं घोळ घालत राहिला, ट्रॅप. ज्यात तेल अडकतं तोही ट्रॅप, आणि आमचा सह्याद्री ज्याचा बनलाय तोही डेक्कन ट्रॅप. विद्यार्थी हमखास विचारतात, मग सह्याद्रीत तेल आहे का? तेलाचा ट्रॅप म्हणजे सापळा. डेक्कनचा ट्रॅप आला स्वीडिश 'ट्रप्पा'वरून, म्हणजे जिना. लाव्हाचे थर एकावर एक बसल्याने आपले डोंगर पायऱ्यांसारखे दिसतात म्हणून. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा तो जिना पश्चिमेला समुद्रात उतरत जातो. मुंबई हायच्या चुनखडीखाली, पायाच्या खडकात, काही विहिरींत तोच लागतो.

मला तो पहिल्यांदा लागला १९९८ मध्ये. चुनखडीचा करडा चुरा येत होता, मग तळाची शेल, आणि एका पहाटे चाळणीत काळे-हिरवट कण दिसायला लागले. बिटाचा वेग एकदम पडला होता. चाळणी दिव्याखाली धरली आणि मला आमच्या विहिरीची पायरी दिसली. एका कणात तर पांढरा ठिपका होता, बुजलेलं भोक. मी चिमूटभर चुरा कागदाच्या पुडीत बांधून पाळी संपल्यावर घरी नेला.

दादांचे तेव्हा हातपाय चालत होते. त्यांनी पुडी उघडली, एक कण बोटावर घेऊन थुंकी लावली आणि दाराच्या उजेडात नेऊन फिरवून पाहिला. समुद्राखालून आलाय हे मी मुद्दाम सांगितलं नव्हतं.

"हा आपलाच," ते म्हणाले. "कुठनं आणला?"

मी सांगितलं. ते बराच वेळ गप्प राहिले, मग पुडी नीट दुमडून माझ्या हातात दिली.

"ह्यात काय घावायचं न्हाय. भेग लागली तरच. भेग बघत जावा म्हणावं."

मुंबई हायच्या पायाच्या खडकातून जे थोडं तेल निघालं, ते भेगांतूनच निघालं.