डोळ्यातला थेंब आणि छातीतली धाप

माझे वडील आर्वी तालुक्यात कपाशी आणि तुरीची शेती करतात. चार वर्षांपूर्वी गावाजवळच्या एका शिबिरात ते मोतीबिंदू तपासून घ्यायला गेले. मोतीबिंदू फारसा नव्हता, परंतु डोळ्यांतला दाब उजवीकडे २८ आणि डावीकडे २६ निघाला. हा दाब रक्तदाबासारखाच पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये मोजतात आणि बहुतेकांमध्ये तो १० ते २१ च्या दरम्यान असतो. पुढच्या तपासणीत उजव्या डोळ्याच्या नसेला थोडी इजा झालेली दिसली, म्हणजे काचबिंदूची सुरुवात झालेली होती. टिमोलॉलचा ०.५ टक्क्यांचा थेंब सकाळ-संध्याकाळ टाकायला सांगून त्यांना घरी पाठवले गेले.

आमच्याकडे काचबिंदू आणि मोतीबिंदू यांत लोक सर्रास गल्लत करतात आणि ती महागात पडते. मोतीबिंदू पिकला तरी शस्त्रक्रियेनंतर दिसू लागते. काचबिंदूने मात्र नजरेचा जो भाग गेला, तो कोणत्याही औषधाने परत येत नाही. शिवाय हा आजार बहुधा दुखत नाही. कडेची नजर आधी जाते आणि समोरचे दिसत राहते, म्हणून माणूस निर्धास्त असतो. दाब उतरवून उरलेली नजर राखणे, एवढेच उपचाराने साधते, आणि ते थोडे नाही. दाब वाढलेला पण नसेला अजून इजा न झालेल्या लोकांचा एक मोठा अमेरिकी अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पाच वर्षांत, थेंब न घेणाऱ्यांपैकी ९.५ टक्के लोकांना काचबिंदू झाला, तर थेंब घेणाऱ्यांपैकी ४.४ टक्के लोकांना.

डोळ्याच्या आत पाण्यासारखा एक द्रव सतत तयार होतो आणि बुबुळाच्या कडेच्या बारीक जाळीतून बाहेर वाहून जातो. निचरा मंदावला की दाब चढतो. टिमोलॉल या निचऱ्याला हात लावत नाही. ते द्रव तयार होण्याचे प्रमाणच कमी करते आणि त्यामुळे दाब साधारण वीस ते पंचवीस टक्क्यांनी उतरतो. हे औषध ज्या कुळातले आहे, ते मूळचे हृदयविकारासाठी शोधले गेले. जेम्स ब्लॅक या स्कॉटिश शास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात याच कुळातले प्रोप्रॅनोलॉल हे औषध तयार केले आणि १९८८ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. अमेरिकेत टिमोलॉलच्या थेंबांना १९७८ मध्ये मान्यता मिळाली. नाडी मंद करणाऱ्या गोळीचे आणि या थेंबाचे कूळ एकच आहे, हे त्या शिबिरात आम्हाला कोणी सांगितले असते, तर पुढचा महिना टळला असता.

वडिलांना तरुणपणी दमा होता. कित्येक वर्षे तो शांत असल्याने तो आजार आहे असे आमच्यापैकी कोणाला वाटतच नव्हते, आणि शिबिरात तसे कोणी विचारलेही नाही. थेंब सुरू होऊन तीन आठवडे झाले असतील. कापसाची वेचणी चालली होती आणि वडील वावरातून घरी येईपर्यंत दोनदा बांधावर बसू लागले. रात्री छातीतून शिटीसारखा आवाज येई. जवळच्या डॉक्टरांनी थंडीचा दमा समजून ओढायचा पंप दिला, पण त्याचा गुण येईना. त्याचे कारण मला नंतर कळले. तो पंप श्वासनलिकेतल्या ज्या दारावर थाप मारून ती रुंद करतो, नेमके तेच दार टिमोलॉलने आतून लावून घेतलेले असते.

अखेर आम्ही त्यांना एसटीने वर्ध्याला नेले. तिथल्या डॉक्टरांनी नाडी मोजली, ती ५० च्या आसपास भरली, आणि मग त्यांनी विचारले, "काकाजी, डोळ्यात काही औषध टाकता का?" वडील चकित झाले. "डोयातलं औषध छातीत कसं जाईन, डॉक्टरसाहेब?"

प्रश्न अगदी रास्त होता. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून एक बारीक नळी नाकात उतरते. रडताना नाक वाहते ते तिच्यामुळेच. पापणीत एक पूर्ण थेंबसुद्धा मावत नाही, उरलेला या वाटेने नाकात जातो आणि तिथून थेट रक्तात मिसळतो. गोळीतले औषध आधी यकृतातून जाताना बरेचसे निकामी होते, या थेंबाच्या वाटेत तो टप्पा येत नाही. म्हणूनच एका थेंबातले मिलिग्रॅमच्या पाचव्या हिश्शाएवढे औषध दम्याच्या माणसाला पुरेसे घातक ठरते. दमा, जुनाट दम लागणारा फुप्फुसाचा आजार, अतिशय मंद नाडी, हृदयातील विद्युतप्रवाहाचे अडथळे, किंवा उपचाराने आटोक्यात नसलेले हृदयाचे अपयश असलेल्यांना टिमोलॉल देत नाहीत. मधुमेहाचे औषध घेणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: साखर एकदम उतरली की जी धडधड होऊन माणूस सावध होतो, ती या औषधामुळे दबून जाऊ शकते. रक्तदाबासाठी अटेनोलॉल किंवा मेटोप्रोलॉल ही याच कुळातली गोळी चालू असेल, तर डोळ्यांच्या डॉक्टरांना ती दाखवलीच पाहिजे.

डॉक्टरांनी टिमोलॉल त्याच दिवशी थांबवले, नेत्रतज्ज्ञांनी रात्री एकदाच टाकायचा लॅटानोप्रॉस्टचा थेंब सुरू केला आणि आठवडाभरात वडिलांची धाप ओसरली.

यावरून कोणी टिमोलॉलला वाईट म्हणू नये. माझ्या आत्याच्या डोळ्यांतला दाब सहा वर्षांपासून याच थेंबाने १६-१७ वर टिकून आहे, आणि स्वस्त असल्यामुळे तिची बाटली कधी चुकत नाही. थेंब टाकल्यावर ती डोळे मिटून नाकाजवळचा कोपरा बोटाने दोन मिनिटे दाबून धरते. त्यामुळे औषध डोळ्यात राहते आणि नाकात कमी उतरते. दुसरा थेंब टाकायचा असेल तर मध्ये पाच मिनिटे जाऊ देते, आणि फोडलेली बाटली चार आठवड्यांनी टाकून देते. मी तिला एवढेच सांगत असतो की, बरे वाटते म्हणून किंवा कंटाळा आला म्हणून थेंब स्वतःहून बंद करायचा नाही, आणि दम लागला किंवा चक्कर आली तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचे.

गेल्या वर्षी वडिलांचा दाब पुन्हा थोडा चढला आणि दुसऱ्या एका ठिकाणी त्यांना नवी बाटली लिहून दिली गेली. नाव पूर्ण वेगळे होते. घरी येऊन मी खोक्यावरची बारीक अक्षरे वाचली, तर दोन औषधांच्या मिश्रणात दुसरे नाव टिमोलॉल मॅलिएट होते. अशा जोड-औषधांच्या बाटल्या पुष्कळ आहेत आणि त्यांच्या दर्शनी नावात टिमोलॉल दिसतेच असे नाही. बाटली न उघडता आम्ही परत नेली आणि औषध बदलून घेतले. तेव्हापासून वडिलांच्या बंडीच्या खिशात, एसटीच्या सवलतीच्या कार्डासोबत, मी मोठ्या अक्षरांत लिहिलेला एक कागद असतो: "दमा आहे. डोळ्यात टिमोलॉल चालत नाही." दवाखान्यात नंबर लागला की ते तो कागद आधी टेबलावर ठेवतात आणि मग बसतात.