हेअरपिन आणि सात लिव्हर

बोहरी आळीत एक मुलगा कुलपं बघत होता. "काका, हेअरपिननं उघडायला शिकायचंय, सात लिव्हरचं द्या." काका चष्म्यावरून बघत म्हणाले, "पिनाच घेत बसशील मग."

काकांचं बरोबर आहे. लिव्हरच्या कुलपात पत्र्यांची चळत असते, प्रत्येक पत्रा नेमक्या उंचीवर उचलावा लागतो. हेअरपिन तिथे नुसती वाकते. शिकायला चपट्या दातेरी किल्लीचं, पिनांचं, म्हणजे आत स्प्रिंगवर बारीक खिट्ट्या असलेलं स्वस्त कुलूप घ्यावं. लायनस येल ज्युनिअरनं १८६१ मध्ये पेटंट घेतलेली रचना हीच.

एक हेअरपिन सरळ करून टोकाचा प्लास्टिकचा थेंब खरवडायचा, नाहीतर ती भोकात शिरतच नाही. शेवटचे दोनेक मिलिमीटर किंचित वर वळवायचे. दुसरीचा सेंटीमीटरभर भाग काटकोनात वाकवायचा, ती ताणासाठी, म्हणजे भोकात धरून किल्लीसारखा हलका पीळ द्यायला; पहिलीनं आतल्या पिना उचलायच्या.

हेअरपिन मऊच. त्यापेक्षा जुन्या वायपरच्या रबरातल्या स्टीलच्या पट्ट्या कितीतरी बऱ्या, गॅरेजवाले फुकट देतात. ग्राइंडरवर घासताना सारखी पाण्यात बुडवा. पट्टी निळी पडली की तिचा ताठपणा गेला.

पण बहुतेकांचं अडतं ते ताणापाशी. जोर जास्त झाला की सगळ्या पिना एकदम आवळतात आणि कुठली अडलीय ते बोटाला कळतच नाही. नख पांढरं पडलं म्हणजे ताण जास्त. निम्मा करा, मग एकेक पिन चाचपा.

कुलूप स्वतःचं हवं, हे सांगायला नकोच. पण दाराला लावलेलंही नको. तुकडा आत मोडला तर रात्री चावीवाला कुठे शोधणार?